मोटार कापायला लागणाऱ्या चार सह्या

तुये गावच्या आमच्या गॅरेजात भिंतीवर एक पाटी होती. मीच रंगवलेली. "गाडी कापण्यापूर्वी नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतील." बाहेरगावचं गिऱ्हाईक ती वाचून हसायचं. पेडण्याचं गिऱ्हाईक हसत नसे. ते मुकाट्याने बायकोला आणायला घरी जायचं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या वेळचा घरगुती कायदा अजून चालतो. लग्न लागलं की मिळकत दोघांची, अर्धी अर्धी. वडील गेले की मुलीचाही मुलाइतकाच वाटा, आणि त्या वाट्यात पुन्हा तिच्या नवऱ्याचा अर्धा. शेत विकताना हे सगळ्यांना आठवतं. मोटारीच्या बाबतीत कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याही आलं नव्हतं. वझरीच्या एका काजू बागायतदाराने आपली जुनी मोटार आणून दिली आणि म्हणाला, "मागून काप आणि हौदा बसव." आम्ही टप कापून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको छत्री घेऊन आली.

"तेच्या अर्ध्याचं तुमी काय ते करा," ती म्हणाली. "माझं अर्धं होतं तसं लावून द्या."

माझ्या भागीदाराने, बाळूने, हातातला हातोडा खाली ठेवून अगदी अदबीने विचारलं, "वहिनी, तुमचं अर्धं कंचं? फुडलं का मागलं?"

"वरलं," ती म्हणाली.

ते टप आम्ही परत जोडून दिलं. त्यानंतर ती पाटी लागली.

बाळू गेला त्याला आता वर्ष होईल. या अंकासाठी गॅरेजच्या आठवणी लिहून द्या असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं, मग कागद घेऊन बसलो. दिवसाला एक परिच्छेद होतो. बाळू तेवढ्या वेळात चार दरवाजे ठोकून सरळ करत असे. तो चंदगडकडचा. तुयेला कारखाने उभे राहू लागले तेव्हा वेल्डिंग करायला आला. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, नोकरी न मिळालेला. वडिलांची रस्त्याकडेची जागा माझी आणि हात त्याचा, अशी आमची भागीदारी. हिशेब, कचेऱ्या आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. तो मला मास्तर म्हणायचा. मी कधी कोणाला शिकवलं नव्हतं, पण दुपारी जेवल्यावर पुस्तक वाचणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, असा त्याचा प्रश्न होता.

मोटारीचा पिकअप करायचा म्हणजे मागचा अर्धा भाग कापून तिथे उघडा हौदा बसवायचा, एवढंच लोकांना वाटतं. ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो, वरची केबिन उचलून ठेवली तरी ट्रक उभा राहतो. मोटारीला बहुधा तसा सांगाडा नसतो. पत्रा हाच तिचा सांगाडा. अंड्याचं कवच आहे तोवर अंडं गोल. टपाला करवत लावली की गाडी मधोमध वाकते. म्हणून आधी खालून लोखंडाचे जाड चॅनेल, पन्हळीसारखे दांडे, वेल्ड करायचे, दारांना आतून आडव्या सळ्या मारून ती बंद करून टाकायची, म्हणजे कापताना चौकटी हलत नाहीत, आणि मग कापायचं. चॅनेलला आठ दिवस आणि कापायला एक सकाळ. गिऱ्हाईक नेमकं त्या सकाळी येऊन म्हणतं, "एवढंच काम आणि एवढे दिवस?"

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आसपासची गोष्ट. पेडण्याचा दामू एक काळी जर्मन मोटार दोरीला बांधून, दुसऱ्याच्या टेम्पोमागून ओढत घेऊन आला. त्याच्या वडिलांचं पेडण्याच्या बाजारात कापडाचं दुकान. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी ती बोटीने आणवली होती. आई आधीच गेलेली, मग वडील गेले, दुकान गेलं, मोटार गोठ्यात राहिली. दामू पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. आधी दुकान, मग कुक्कुटपालन, मग एक रसवंती, तिन्ही त्याने मन लावून बुडवली होती. आता तुयेच्या वसाहतीतल्या एका कारखान्याने त्याला शब्द दिला होता. माल पोचवायचं कायमचं काम. अट एकच, एक तारखेला सकाळी आठ वाजता स्वतःची गाडी फाटकात उभी पाहिजे. नाही आली तर दुसरा माणूस तयार होता.

"मास्तर, हे गेलं तर माका गोव्यात तोंड दाखवूक जागा नाय," दामू म्हणाला. "पंधरा दिवस आसत. जातलं ना?"

"होईल," मी म्हटलं. "सह्या आण."

दामूची आणि त्याच्या बायकोची सही त्याच दिवशी झाली. उरल्या दोन. त्याची थोरली बहीण सुशाताई आणि तिचा नवरा, राहणार डिचोली. वाहतूक कचेरीने मोटारीची मालवाहू गाडी करायला परवानगी दिली होती, ती वारसांच्या संमतीवरच. दामू म्हणाला, ताई काही नाही म्हणायची नाही, कागद पाठवून देतो. बाळूने खालचे चॅनेल लावायला घेतले.

तिसऱ्या दिवशी कागदाऐवजी ताईच आल्या. डिचोली ते म्हापसा एक बस, म्हापसा ते तुये दुसरी. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, हातात पितळी डबा. त्या थेट मोटारीजवळ गेल्या, मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार लावून घेतलं.

"ताय, कितें करतां?" दामूने विचारलं.

"बसल्यां."

"केन्ना मेरेन?" म्हणजे कधीपर्यंत.

"ही सीट माझ्या बापायची. तातूंत माझो वांटो आसा. हांव हालची ना."

त्या हालल्या नाहीत. साडेचारची बस गाठायला तेवढ्या उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. असे सहा दिवस. डब्यात भाजी-भाकरी असायची, मांडीवर लसूण सोलायला. त्यांना मागल्या सीटवर ठेवूनच बाळू गाडीखाली चॅनेल जोडत राहिला. पेट्रोलची टाकी आम्ही आधीच काढून ठेवली होती. ठिणग्या उडतील म्हणून तो त्यांच्या पायांवर ओलं गोणपाट टाकायचा. "ताई, पाय वर घ्या," असं म्हणायचा, त्या पाय वर घ्यायच्या. "ठेवा खाली," त्या खाली ठेवायच्या. एवढं ऐकणारं गिऱ्हाईक आम्हाला पुन्हा मिळालं नाही.

ते राजभाषेच्या भांडणाचे दिवस. ताई कोकणीच्या बाजूच्या, मी मराठीच्या. काचेतून त्या कोकणीत मुद्दा मांडायच्या, मी स्टुलावर बसून मराठीत खोडून काढायचो, आणि गाडीखालून चंदगडी आवाज यायचा, "दोघं बी गप्प बसा की वो, माझी रेघ वाकडी जातीया!" ताईंचे मुद्दे माझ्यापेक्षा बरे असायचे. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी बाळूची सहनशक्ती संपली. चॅनेल झाले होते, आता दारं बंद करायची वेळ होती.

"ताई, भायेर या. मी दार टाकतोय."

"टाक."

"आत ऱ्हाशीला."

"म्हटलं ना, हालची ना."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी आवर म्हणायला हवं होतं. पण मीही कंटाळलो होतो, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते बघायची मला उत्सुकता होती. बाळूने एका बाजूचं मागचं दार वेल्ड केलं, मग दुसऱ्या बाजूचं. ताईंनी लसूण सोलणं थांबवलं नाही. साडेचार वाजता त्यांनी हँडल फिरवलं. दार हाललं नाही. त्यांनी दुसरं हँडल फिरवलं.

"मेस्ता," त्यांनी बाळूला हाक मारली. मेस्ता म्हणजे मिस्त्री.

"जी ताई."

"माझी बस चुकतली."

पुढच्या सीटमागे आडव्या सळ्या मारलेल्या, त्यामुळे पुढच्या दाराने येणंही शक्य नव्हतं. शेवटी दामूने बाहेर खुर्चीवर खुर्ची ठेवली, बाळू पाठ करून उभा राहिला, मी चष्मा काढून हातात घेतला, आणि नऊवारी सावरत ताई खिडकीतून बाहेर आल्या. पदर खोचला, डबा मागून घेतला आणि म्हणाल्या, "फाल्यां येताना बारीक स्टूल हाडतां." सहाव्या दिवशी त्या खरोखरच घरून स्टूल घेऊन आल्या आणि खिडकीतून आत गेल्या.

त्या दिवशी दामू रडला. मोठा बाप्या माणूस, टायरवर बसून रडला. "ताय, आठ दिवस उरले. माझीं चेडवां काय खातलीं?"

"तुझ्या कामाक हांव ना म्हणना," ताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दुपारी दामू घरी गेला, बाळू जेवून आंब्याखाली आडवा झाला. मी पुस्तक उघडलं नाही. स्टूल खिडकीपाशी नेऊन विचारलं, "ताई, सीट काढून तुमच्या घरी नेऊन दिली तर?"

"सीट घेवन काय करूं? सोफे आसत घरांत."

"मग काय पाहिजे?"

लसूण बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. लग्न पेडण्याला झालं. पाठवणी याच मोटारीतून निघाली. वडील स्वतः चालवत होते, ताई मागल्या सीटवर, डोक्याला मुंडावळ्या. अस्नोड्याच्या पुढे गाडी बंद पडली. वडील नवा कोट काढून बॉनेटमध्ये शिरले, ते दिवस मावळायला आला तरी बाहेर येईनात. तिकडे गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत चाललेला. शेवटी खाणीवर परतणारा एक रिकामा ट्रक थांबवला आणि नवरा-नवरीला ड्रायव्हरशेजारी बसवून पाठवलं. डिचोलीत सासरच्या दारात सून उतरली ती नखशिखांत लाल धुळीने माखलेली. धाकटा दीर पुंडलिक तिथेच म्हणाला, "सून खंय? हें तर खनिज आयलां." तेव्हापासून त्या घरात काही झालं, ताई कशावर अडून बसल्या, की पुंडलिक म्हणायचा, वहिनीत लोखंड किती टक्के आहे ते एकदा तपासून घ्यायला पाहिजे.

"हांसता सगळीं. हांवय हांसतां," ताई म्हणाल्या. "पूण बाबा हांसूंक ना. म्हणाले, सुशा, एक दीस तुका ह्याच गाडयेंतल्यान, फाटल्या सीटीर बसोवन, दारांत नेवन देंवयतलों. मागीर दुकान, मागीर तांचें दुखणें. रावलें." दारात नेऊन उतरवायचा तो शब्द राहूनच गेला होता. त्या खिडकीच्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. "दामूक हें सांगूंक लज दिसता. तो म्हणटलो, ताय पिशी जाल्या." पिशी म्हणजे वेडी.

मी बाळूला उठवलं. तो डोळे चोळत ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई का? दारं बंद करून बसलो की मी." मग तो इंजिनाकडे गेला.

इंजिन कित्येक वर्षं बंद होतं. बाळूला दोन दिवस लागले. पेट्रोलची टाकी पुन्हा बसवायला वेळ नव्हता, म्हणून पेट्रोलचा डबा दामूने पुढच्या सीटवर मांडीवर धरायचा आणि त्यातून रबरी नळी थेट इंजिनात जायची, असं ठरलं. आज असं काही कोणी माझ्यासमोर केलं तर मी पोलिसांना बोलावीन. दामूला ताईंची गोष्ट सांगितली. त्यानंतर डबा धरून बसायचं काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी डिचोलीला निघालो. बाळू चालवायला, शेजारी डबा धरलेला दामू, मागे ताई. शेजारी कोणी बसायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं. मी मागून मोटरसायकलवर, पाना-पक्कड घेऊन. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. बाजाराच्या तोंडाशी गाडी अर्धा तास अडकली. मिरच्यांच्या गोणी, केळ्यांचे घड, मधोमध आमची काळी मोटार, बॉनेटमधून वाफ. एक मासळीवाली खिडकीत वाकून म्हणाली, "बाये, कोण गो तूं? मंत्री?" ताई पुढे बघत म्हणाल्या, "व्हंकल." म्हणजे नवरी. मासळीवालीने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि टोपली उचलून वाट करून दिली.

अस्नोडा आलं तेव्हा बाळूने गियर बदलला नाही, हॉर्न वाजवला नाही, मला वाटतं श्वासही घेतला नाही. गाडी पुढे गेली. ताईंनी मागे वळून त्या जागेकडे पाहिलं, एवढं मला मागून दिसलं.

डिचोलीत शिरलो. ताईंच्या घरापासून दोनशे पावलांवर, समोर अंगण दिसतंय अशा ठिकाणी, खालून फाट्‌कन आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन छान चालू होतं. चाकं फिरत नव्हती. बाळू खाली उतरला, गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच म्हणाला, "मास्तर, हाफ शाफ्ट तुटला." इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा तो.

दामूने डबा मांडीवरून हालवला नाही. "ताय," तो पुढे बघतच म्हणाला, "पायांनी चल गे. येवड्यार आयल्यात."

"ना," ताई म्हणाल्या.

अंगणात माणसं जमली होती. ताईंचे यजमान भावोजी, सावकाश चालणारे, सावकाश बोलणारे, चप्पल घालून रस्त्यावर आले. मागोमाग पुंडलिक, आता टक्कल पडलेला. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. पुंडलिकने तोंड उघडलं. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदाच, असं नंतर ताई म्हणाल्या, भावाला मध्येच थांबवलं. "पुंडलिका," ते म्हणाले, "धुकल." म्हणजे ढकल.

भावोजी, पुंडलिक, त्याचे दोन शेजारी, बाळू आणि मी. गाडीत चॅनेल घातल्यामुळे ती दीडपट जड झाली होती. पुंडलिक धापा टाकत होता. खिडकीतून ताई म्हणाल्या, "पुंडलिकबाब, लोखंड किती टक्के आसा तें कळ्ळें?" तो एवढा हसला की गाडी दोन पावलं मागे आली.

गाडी दारात लागली. भावोजींनी कपाळ पुसलं, पुढे होऊन मागच्या दाराच्या हँडलला हात घातला आणि ओढलं. पुन्हा ओढलं. बाळू आणि मी जमिनीकडे बघत उभे राहिलो. आतून जावेने ओवाळायला तबक आणलं होतं. ती ते धरून थांबली. ताईंनी शांतपणे काच पूर्ण खाली घेतली आणि आपलं स्टूल बाहेर दिलं.

सह्या बॉनेटवर झाल्या. बॉनेट तापलेलं होतं म्हणून खाली गोणपाट घातलं. ताईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, माझ्या मजकुरातली एक चूक दाखवली, मराठीतली, आणि सही केली. भावोजींनी खाली केली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. एक तारीख पाच दिवसांवर, गाडी डिचोलीत, तीही स्वतःहून न चालणारी, आणि आमचं गॅरेज तीन तालुक्यांच्या पलीकडे वाटावं इतकं लांब. दामू पायरीवर बसला. "सोंपलें," तो म्हणाला.

बाळू गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "भावोजी, तुमच्या घरात वीज हाय न्हवं? मग हितंच कापतो."

आणि त्याने तिथेच कापली. वेल्डिंग मशीन आणि काढून ठेवलेली पेट्रोलची टाकी मी बसच्या टपावरून आणली. गॅस कटर जवळच्या एका खाणीच्या कामगाराने कुठून तरी आणून दिला, कुठून ते आम्ही विचारलं नाही. खाणींमुळे डिचोलीत लेथवाल्यांना तोटा नव्हता. त्यातल्या एकाने दोन दिवसांत नवा शाफ्ट कातून दिला, जो तुयेला महिनाभर मिळाला नसता. बाळूने वेल्डिंगची कांडी टेकवली की सगळ्या वाड्यातले दिवे मंदावायचे, आणि पुंडलिक घरोघर जाऊन सांगायचा की वहिनीच्या माहेरचं काम चाललंय, कुरकुर नको. कापायच्या सकाळी ताई आत थांबतील असं मला वाटलं होतं. त्या पाट घेऊन बाहेर बसल्या आणि "हांगासून काप, थंयसून नाका, वांकडें दिसतलें," असं बाळूला सांगत राहिल्या. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. टप वेगळं झालं तेव्हा गाडी तसूभरही वाकली नाही. बाळूने ते माझ्याकडून पट्टी लावून दोनदा मोजून घेतलं.

एक तारखेला सकाळी सहाला दामू तिथूनच निघाला. रंग फक्त पुढून लावलेला, मागे उघडा पत्रा. ताईंनी त्याच्या हातावर दही घातलं. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर आम्हाला काही काम उरलं नव्हतं, पण बाळू निघेना. एकेक पाना तेलाने पुसून पिशवीत भरत होता, पुन्हा काढून पुसत होता. ताईंनी तीनदा चहा विचारला, तिन्ही वेळा तो नको म्हणाला. गिऱ्हाइकाच्या घरात तो कधी खात-पीत नसे. काम पुरं झाल्याशिवाय पान लागत नाही, म्हणायचा. ते चार-पाच दिवस तो बाजारातल्या खानावळीत जेवत होता.

फोन कोपऱ्यावरच्या दुकानात होता. दामूच्या फोनची वाट बघत भावोजी तिकडे जाऊन बसले होते. नऊ वाजले. साडेनऊ. मग ते येताना दिसले, नेहमीसारखेच सावकाश. त्या चालीवरून काही कळणं शक्य नव्हतं. पुंडलिक उठून उभा राहिला. ताई दाराची चौकट धरून होत्या. भावोजींनी फाटक उघडलं, आत आले, मागे वळून फाटकाची कडी नीट घातली, आणि मग म्हणाले, "पावली. आठांक धा कमी. भितर घेतली."

बाळूने हातातला पाना पिशवीत टाकला. पंप मारून हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि पडवीत येऊन मांडी घालून बसला.

"ताई," तो म्हणाला, "आता वाढा."

ताईंनी सकाळी साडेनऊला त्याला पूर्ण जेवण वाढलं. भात, सोलकढी, तळलेले मासे. तो मान खाली घालून जेवत होता आणि त्या पुन्हा पुन्हा भात घालत होत्या. किती वेळा ते मी तेव्हा मोजलं नाही.